गाजराची ओळ

परसबाग करणाऱ्या माणसांचा मला राग येतो. त्यांचं काही वाईट व्हावं असं नाही, फक्त त्यांनी माझ्याशी बोलू नये. आषाढ लागला की मेहकरच्या बसस्टँडबाहेर हातगाडीवर बियांच्या पुड्या येतात. दोडका, कारलं, वाल, भेंडी. प्रत्येक पुडीवर एक चकचकीत चित्र, आणि चित्रातल्यासारखी भाजी आजवर कुणाच्या दारात आलेली मी पाहिलेली नाही. तरी आमच्या कॉलनीतल्या बायका त्या पुड्या अशा उलटसुलट करून बघतात की लेकीसाठी स्थळ बघतायत असं वाटावं. मग दोन महिन्यांनी तीन वांगी येतात आणि ती तीन वांगी गल्लीभर मिरवतात. घरची आहेत हो, बिनाऔषधाची, चवच वेगळी. मी मान हलवते आणि पुढे निघते.

यंदा मान हलवून भागलं नाही. शाळेत परसबाग करायची आहे. मीटिंगमध्ये मुख्याध्यापक चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, तुमच्या घरी होती ना बाग? मग तुम्हीच घ्या जबाबदारी."

"होती. मोडली."

"का बरं?"

"गवत फार झालं होतं."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी खोटं बोलले नव्हते, पण खरंही पुरतं सांगितलं नव्हतं, आणि ते शिक्षकांच्या मीटिंगमध्ये सांगण्यासारखं नाही. घरी आले, मागचं दार उघडलं. जिथे बाग होती तिथे आता फरशी आहे. फरशीच्या फटींतून लव्हाळा वर आला होता, हिरवागार, ताठ. मी चप्पल काढून त्याच्यावर आपटली. चार वर्षं झाली तरी तो मेलेला नाही.

त्या पावसाळ्याचं नाव काढलं की लोकांना आठवेल ओल्या मातीचा वास. मला आठवतो गुडघ्याला चोळायच्या तेलाचा वास. कडू, उग्र, कापूर घातलेला. तो वास घरभर असायचा, उशांना, पडद्यांना, माझ्या शाळेच्या साड्यांनासुद्धा. ते तेल मायचं. माय त्या वर्षी ज्येष्ठात जानेफळहून माझ्याकडे आली, म्हणजे मी तिला आणली. तिचे दोन्ही गुडघे गेले होते. परकरात असल्यापासून ती लोकांच्या वावरात उकिडवी बसून खुरपत आली होती. कपाशी, मूग, उडीद, मग सोयाबीन आलं तर सोयाबीन. पीक बदललं, मालक बदलले, बसणं तेच. डॉक्टर म्हणाले, यापुढे उकिडवं बसायचं नाही, म्हणजे नाही. माझे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. जानेफळला दोन खोल्यांत ती एकटीच. मी तिला सांगितलं, आठ दिवस चल. माझ्या मनात कायमचं होतं. म्हणजे मी तिला फसवून आणली, हे आधीच सांगून टाकते.

माय आठ दिवस गप्प राहिली. नवव्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवून तिने विचारलं, "जानेफळची गाडी किती वाजता हाये वं, संगे?"

"राहा की अजून. काय घाई आहे?"

"आषाढी पुनवेपासून वर्षावास लागते. विहारात वाचन राह्यते रोज संध्याकाळी. मले ऐका लागते."

"इथेही विहार आहे, माय. मी घेऊन जाते तुला."

"तिथं खिडकीपाशी माह्यी जागा हाये. म्या नाई गेली तं ते शांता येऊन बसन तिथं. मंग ते काय उठते?"

मला त्या खिडकीचा, त्या शांताचा आणि मायचा एकदमच राग आला. इथे पंखा होता, खुर्ची होती, कमोड होता, मी होते. आणि तिला जायचं होतं एका सतरंजीवरच्या हातभर जागेसाठी. वर्षावास तीन महिने चालतो. ते तीन महिने काढले की ती इथलीच होईल, असा मी हिशेब केला. तिचं मन कशात तरी रमवायला हवं होतं. आणि मग मला ती भिकार कल्पना सुचली की माय शेतातली बाई आहे, तिला माती लागेल.

घरामागे कंपाउंडपर्यंत एक पट्टा मोकळा होता. घर बांधताना उरलेले विटांचे तुकडे, वाळूची चाळण, सिमेंटचे गोळे, सगळं मिस्त्रीने तिथेच गाडलं होतं. मी ते उपसलं. एक ट्रॉली काळी माती टाकून घेतली. कुणाच्या वावरातली होती कोण जाणे, पण त्या वावराने आपलं सगळं पाप त्या ट्रॉलीत भरून माझ्याकडे पाठवलं होतं, हे मला पंधरा दिवसांनी कळलं. तोवर मी मोबाइलवर व्हिडिओ बघत होते. 'नमस्कार मित्रांनो' म्हणून सुरुवात करणारी ती गोरीगोमटी माणसं, हातात मोजे, गळ्यात माइक, आणि प्रत्येकाच्या मते भाजी लावणं म्हणजे मनाची शांती. त्यांच्यापैकी एकाचेही गुडघे दुखत नव्हते.

पहिल्या दिवशी मी खुरपं घेऊन मातीत बसले तेव्हा माय मागच्या पायरीजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत होती.

"हे काय करून राह्यली वं?"

"भाजी लावते. तुझ्यासाठी."

"मले कोनं मांगतली भाजी? बजारात भेटत नाई का?"

"घरची ताजी मिळेल. तुलाही बरं वाटेल जरा, हिरवं दिसेल डोळ्यांना."

"हिरवं!" माय म्हणाली. "पन्नास वर्षं लोकाचं हिरवं पाह्यलं म्या. आता दारात वावर आनून ठेवलं हिनं." आणि तिने उठून, दुखऱ्या गुडघ्यांनिशी, ती खुर्ची फिरवली. बागेकडे पाठ, तोंड घराच्या भिंतीकडे. पुढे कितीतरी दिवस ती तशीच बसली, न रंगवलेल्या भिंतीकडे बघत. मी मागे वाफे पाडत होते आणि तिचा अंबाडा बघत होते.

नवशिक्या माणसाला जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या मी केल्या. मेथी इतकी खोल पेरली की ती वर यायचा रस्ताच विसरली. काळ्या मातीला पाऊस असतानाही पाणी घातलं, मग तिचा चिखल झाला, चिखल वाळून पापुद्रा झाला, आणि भेंडीचे कोंब त्या पापुद्र्याखाली मान मोडून मेले. दोडक्याच्या वेलाला मांडव करायच्या आधीच वेल शेजाऱ्यांच्या भिंतीवर गेला आणि तिकडेच फळला. मायला हे सगळं पाठ फिरवून कसं कळायचं देव जाणे, पण कळायचं. पाण्याचा आवाज आला की ती भिंतीला म्हणायची, "घाल, अजून घाल." एवढंच. करायचं काय ते मात्र सांगायची नाही. ज्या बाईला मातीतलं सगळं येत होतं ती तोंडाला कुलूप लावून बसली होती, आणि मला त्या कुलपाचा रोज नव्याने संताप यायचा.

दोडका जिकडे गेला ते घर कुसुमकाकूंचं. जानेफळच्या रस्त्याला त्यांची मोठी शेती, मुलांच्या शिक्षणासाठी मेहकरात बांधलेलं घर. माय त्यांच्या वावरात खुरपायला जायची. काकू चांगल्या आहेत, असं सगळे म्हणतात. एके सकाळी भिंतीवरून दोन दोडके माझ्या हातात देत, आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमच्यानं नाई होत हे. वच्छलाबाईले बसवा न. त्याइच्या हाताले सवय हाये. बसल्या बसल्या करून टाकतीन."

"वच्छलाबाई माझी आई आहे, काकू. इथं ती कामाला आलेली नाही."

"अवो, म्या काय वाईट बोलली?"

खरंच त्या वाईट बोलल्या नव्हत्या. त्यांना ते वाईट आहे हे दिसतच नव्हतं, आणि माझा राग त्यावरच होता. मी दोडके परत भिंतीवर ठेवले. त्यानंतर आमच्या दोन घरांमधली वाट्यांची ये-जा बंद झाली. माय हे ऐकत होती. संध्याकाळी तेल चोळताना म्हणाली, "दोडके घ्याचे व्हते. दोडक्यानं काय केलं?"

श्रावणाच्या सुरुवातीला एक गोष्ट मात्र जमली. तिसऱ्या ओळीत मी गाजर पेरलं होतं. ते असं काही उगवलं की पाहत राहावं. नाजूक, कातरलेली पानं, ओळीबाहेरसुद्धा दाट. मी त्याला खत दिलं, काठीने माती मोकळी केली, मोबाइलवर फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे दाखवले. आणि त्याच आठवड्यात मायने खुर्ची फिरवली. आता पाठ भिंतीला, तोंड बागेकडे. मी काही बोलले नाही, बोलले तर ती परत फिरवेल म्हणून. पण मनात आनंदाने उड्या मारत होते. माय बघत होती! मी गाजराच्या ओळीपाशी बसले की तिची नजर माझ्या हातांवर असायची. कधीकधी ती पदर तोंडाला लावायची. मला वाटायचं, तिला जुनं काही आठवत असेल. वर्षावास सुरू होऊन गेला होता आणि दोनतीन दिवस तिने गाडीची वेळ विचारली नव्हती.

मग माझे हात खाजायला लागले. कोपरापर्यंत लाल पुळ्या. आणि ओळीत बारीक पांढरी फुलं आली. कुसुमकाकू कपडे वाळत घालायला आल्या होत्या. त्यांनी भिंतीवरून वाकून पाहिलं, आणि आमचा अबोला विसरून त्या म्हणाल्या, "मॅडम, गाजरगवत काऊन ठेवलं?"

मी काही बोलायच्या आत माय हसली. इतकी मोठ्याने मी तिला कधीच हसताना ऐकलं नव्हतं. खुर्चीतून पुढे वाकून, काकूंकडे बघून, छातीवर हात ठेवून ती म्हणाली, "वळखू नाई आलं तिले! कुसुमबाई, माह्या पोरीले गाजरगवत वळखू येत नाई!"

रस्त्याकडेला, रिकाम्या प्लॉटवर, शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात कंबरेएवढं वाढलेलं ते पांढऱ्या फुलांचं गवत मी रोज बघते. पण लहान असताना ते कसं दिसतं हे मातीत बसणाऱ्यालाच ठाऊक असतं. जानेफळच्या एका निंदण-खुरपण करणाऱ्या बाईच्या मुलीने ते तीन आठवडे खतपाणी घालून वाढवलं होतं. मी ती ओळच्या ओळ उपटली, खाजऱ्या हातांनी, मुळांसकट, आणि कंपाउंडवरून पलीकडे फेकली. काही रोपं काकूंच्या धुतलेल्या कपड्यांवर पडली असतील, मी बघितलं नाही. मग मायसमोर उभी राहिले.

"तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सांगितलं का नाहीस?"

"काऊन सांगू?"

"माझे हात बघ!"

मायचं हसणं थांबलं होतं. "तुले ते वळखू येऊ नये म्हनून तं शाळेत घातलं तुले," ती म्हणाली. "आता म्याच शिकवू?"

मला हे तेव्हा कळायला हवं होतं. बाईमाणूस चाळीस वर्षांच्या पुढे गेलेलं, मुलांना शिकवून पोट भरणारं, आणि समोर एवढं सरळ वाक्य. पण मला ऐकू आली ती फक्त थट्टा. मला वाटलं, तिने मला काकूंसमोर खाली पाहायला लावलं. माझं डोकं तापलं होतं. मी म्हणाले, "जा मग. जा तुझ्या शांताजवळ." तिने लगेच विचारलं, "गाडी किती वाजता हाये?" आणि मी म्हणाले, "रस्त्याचं काम चालू आहे. गाड्या बंद आहेत." ते धडधडीत खोटं होतं. माझा नवरा रोज त्याच स्टँडवरून चिखलीला कामाला जात होता, त्याने जेवताना सहज सांगून टाकलं की गाड्या चालू आहेत. माय ताटावरून उठली नाही, भाकरी संपवली, पण मग चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

एकदाच मी मायच्या कामाच्या जागी गेले होते. पाचवीत असेन. सुट्टी होती, आजीने भाकरी बांधून दिली आणि मी वावरात पोचले. दहाबारा बाया ओळीने बसल्या होत्या. मी मायच्या शेजारी बसले आणि तिच्यासारखंच गवत उपटायला लागले. मला ते खेळासारखं वाटत होतं. मायने वळून पाहिलं आणि मातीने भरलेल्या हाताने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी पुढच्या मुगावर पडले. "घरी जाय. पुस्तक घेऊन बस." बाया हसल्या. मी रडत घरी आले, फ्रॉकवर मागे तिची पाच बोटं. कितीतरी वर्षं मला वाटत होतं की मी गवताबरोबर मूग उपटला असेल.

त्या भांडणानंतर खरं तर बाग सोडून द्यायला हवी होती. पण मी हट्टाला पेटले. आता ती मायसाठी नव्हती, मायच्या नाकावर टिच्चून होती. झड लागली होती, चारचार दिवस ऊन नाही, आणि त्या ट्रॉलीतून आलेला लव्हाळा, हराळी, केना, सगळं एकदम उठलं. लव्हाळ्याचं पातं तोडलं की दुसऱ्या दिवशी त्याच जागी दोन. खाली खणलं की मण्यांसारख्या गाठी, आणि प्रत्येक गाठ पुढच्या पातीला जोडलेली. मी शाळेतून आले की साडी खोचून खुरपं घ्यायची. अंधार पडेपर्यंत बसायची. कंबर धरायची, पोटऱ्या भरून यायच्या. आणि माय खुर्चीतून, चार दिवसांचा अबोला मोडून, एकच घोका लावायची.

"ऊठ."

थोड्या वेळाने परत. "ऊठ म्हनते न तिथून. अशी बसू नको."

"तू बघू नकोस ना, माय. भिंतीकडे तोंड कर."

"ऊठ वं संगे."

मला ती किटकिट वाटायची. मी मुद्दाम अजून थोडा वेळ बसायची. पाच भेंड्या आल्या, त्यांची भाजी केली, तिच्या ताटात वाढली. तिने खाल्ली. "बुळबुळीत हाये," म्हणाली. मी ताट तिच्यासमोरून उचललं, आणि उचलताना लाज वाटली तरी परत ठेवलं नाही.

तो शनिवार होता. सकाळची शाळा. साडेअकराला घरी आले तर पुढचं दार नुसतं लोटलेलं. खुर्ची रिकामी. गेली, मला वाटलं. त्या गुडघ्यांनी चालत स्टँडवर गेली. पर्स खांद्यालाच, छत्री हातातच, मी घरभर फिरले. तिची पिशवी खुंटीला होती. मग मागून आवाज आला. खर्र, खर्र. मध्ये जरा थांबून परत खर्र. एका मापाचा.

माय बागेत होती. उकिडवी. लुगड्याचा काठ गुडघ्यांत खोचलेला, पदर डोक्याला गुंडाळलेला. डाव्या हाताने गवताची मूठ धरायची, उजव्याने खुरपं मातीखालून फिरवायचं, मूठ झटकून माती परत जागेवर, गवत मागे. आणि तशीच, न उठता, पायांच्या चवड्यांवर एक वीत पुढे सरकायचं. मी महिनाभर जे करू शकले नव्हते ते तिने दोनतीन तासांत अर्धं केलं होतं. तिच्या मागे माती काळी, स्वच्छ, मोकळी. भेंडीच्या एकाही रोपाला धक्का नाही. खायच्या कामाचा तांदुळजा तेवढा वेगळ्या ढिगात ठेवलेला. इतकं चांगलं काम होतं ते की क्षणभर मला नुसतं बघत राहावंसं वाटलं, आणि मी बघत राहिलेही. हेही सांगून टाकते.

"माय, ऊठ. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"तू रोज बसतं इथं." तिने वर पाहिलं नाही. "मले नाई पाहू वाटत. एकडाव समदं साफ करून देते. मंग तुले बसा लागत नाई."

खर्र, खर्र. ती कंपाउंडच्या भिंतीपर्यंत गेली. निंदताना प्रत्येक बाईच्या वाट्याला एक पट्टा येतो, त्याला पात म्हणतात. तिची एक पात संपली होती. तिने तळहात लुगड्याला पुसले, आणि बसल्या जागीच मान वळवून मी उभी होते तिकडे पाहिलं. मग बोलली. तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. खालचा, मऊ, पाय मागे घेणारा.

"ही पात झाली बाई. आता कोनती धरू?"

ती थट्टा करत होती का, मला आजही सांगता येणार नाही. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मालकिणीला विचारायची पन्नास वर्षांची सवय तोंडातून गेली असेल. मी सिमेंटच्या कडेवर उभी होते, इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, हातात छत्री, पायात कोरड्या चपला. समोर खाली माझी माय. मला माझीच किळस आली. मी मातीत उतरले आणि तिच्या हातातलं खुरपं ओढलं. तिने सोडलं नाही. आम्ही दोघी तिथे चिखलात एका खुरप्यासाठी झोंबलो, खरोखर झोंबलो, ती खालून, मी वरून. "सोड, संगे, हात कापन तुहा!" शेवटी तिचे गुडघे हरले. मी तिला काखेत धरून उठवलं. ती सरळ होईना. तशीच वाकलेली, माझ्या दंडाला धरून पायरीपर्यंत आली.

संध्याकाळी मी तेल चोळलं. गुडघे सुजून तापले होते.

रविवारी सकाळी मी तिची पिशवी खुंटीवरून काढली. दोन लुगडी, चष्मा, गोळ्या, तेलाची बाटली. विहारात नेसायची पांढरी साडी इस्त्री करून वर ठेवली. माय दारात उभी राहून बघत होती. अडीच महिने ज्या गाडीची वेळ ती विचारत होती, ती गाडी मी तिने न विचारता सांगितली. साडेनऊची.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मागच्या दाराकडे. तिचा चेहरा पडला. "आता काऊन धाडून राह्यली वं मले?" ती म्हणाली. "निंदन तं अर्धंच झालं."

"म्हणूनच," मी म्हणाले, आणि पिशवी उचलली.